तीन वेळा कुलूप

नातवंडांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या मोठीनं फोनवर मला तिच्या अभ्यासाचा विषय सांगितला. सरकारी योजना, समन्याय, आणि लोकांच्या वतीनं निर्णय कसे घेतले जातात याचं संशोधन. मग तिनं विचारलं, "आजी, तुमच्या गावात निर्णय नेमका कोण घेतं?" मी शाळेत उत्तर द्यावं तसं सांगून टाकलं, की ग्रामसभा घेते. फोन ठेवल्यावर वाटलं की हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं बोलून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही तुम्हाला कळावी.

आपलं गाव ओढ्यामुळे दोन भागांत आहे. अलीकडे वरची गल्ली. मंदिर, शाळा, दुकानं, आपलं घर, सगळं इकडेच. पलीकडे खालची वस्ती. तिथली बहुतेक घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. असे पंधरा-वीस कोयते जमले की मुकादमाची टोळी होते. कोणी ट्रॅक्टरवर जातं, कोणी बैलगाडीवर. बैलगाडीवाले आपले बैलसुद्धा ट्रकमध्ये चढवून कारखान्यावर नेतात. परततात ते भर उन्हाळ्यात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धारूरच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा दिवाळीनंतर माझ्या वर्गातले निम्मे बाक रिकामे व्हायचे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात पुण्याच्या एका संस्थेतून एक मुलगी आली. अशीच अभ्यासाची, तुमच्या ताईच्या वयाची. गावात काय ठरतं, ते ठरवताना कोणाला विचारलं जातं आणि त्याचा फायदा कोणाला होतो, हे तिला पाहायचं होतं. राहायला ती आपल्याकडेच होती. तिची प्रश्नावली मूळ इंग्रजीत होती आणि मराठी तर्जुमा तिनं मला वाचायला दिला. पहिलाच प्रश्न होता: "आपल्या गावातील निर्णयप्रक्रियेतील आपल्या सहभागाची पातळी एक ते पाच या श्रेणीत दर्शवा." मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं: "गावात काही ठरवायचं असतं तेव्हा तुम्हाला कोणी विचारतं का?"

हा प्रश्न मी आधी आपल्या शेजारच्या म्हातारीला विचारून पाहिला.

"इचारतेत की," ती म्हणाली. "चहात साखर किती टाकू म्हणून इचारतेत."

पुण्याच्या मुलीनं हे वहीत लिहून घेतलं आणि मला विचारलं, "याला किती गुण द्यायचे?"

मला ती मुलगी आवडली. तिचं काम नीटनेटकं होतं, आणि नीटनेटकेपणावर माझा किती जीव आहे ते तुमच्या आईला विचारा. गावातल्या घरांची यादी करायचं काम मी आपणहून मागून घेतलं. दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले, घरांच्या चौकटीवर खडूनं नंबर टाकले. घरात माणसं किती, सहा वर्षांखालची मुलं किती, पाणी कुठून येतं. तिचा नियम असा होता, की एखाद्या घराला कुलूप असेल तर तिथं तीनदा जायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा कुलूपच दिसलं तर ते घर सोडायचं आणि ठरलेला आकडा भरायला बदली म्हणून शेजारच्या गल्लीतलं घर घ्यायचं. मी नियम काटेकोर पाळला. ओढ्यातल्या दगडांवरून तीनदा पलीकडे गेले. घरामागून घर कुलूप. लाल शाईनं प्रत्येकासमोर लिहिलं: बंद, बंद, बंद. मग बदली म्हणून वरच्या गल्लीतली घरं घेतली. सगळे रकाने भरले. वही मिटताना मला समाधान वाटलं होतं, हेही खरं आहे.

त्याच महिन्यात गावाला नवी अंगणवाडी मंजूर झाली. तोवर ती शाळेच्या व्हरांड्यात भरायची. जागा ग्रामसभेनं ठरवायची होती, सव्वीस जानेवारीला. सरपंच आपली सून आहे, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. पण बोलतो तोच. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्याच्या मनात मंदिराशेजारची जागा होती. त्यात वाईट काही नव्हतं. तिथवर वाळूची गाडी जाते, नळ आहे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारत दिसते. ग्रामसेवकांना कागद हवा होता, तेव्हा पुतण्या माझ्याकडे आला आणि वही घेऊन गेला. ग्रामसेवकांनी मुलांचे आकडे उतरवून घेतले. वरच्या गल्लीत मुलं पुष्कळ, खालच्या वस्तीत नावाला दोन-चार. वही परत देताना ते म्हणाले, "मॅडम, अशी यादी सबंध तालुक्यात नाही." मी खूश झाले.

दोन दिवसांनी खालच्या वस्तीतली एक म्हातारी आली. तिचा मुलगा आणि सून बैलगाडीवर गेले होते, कर्नाटकच्या हद्दीजवळ. म्हातारी पायरीवर बसली, दोन्ही गुडघे हातानं दाबत. इथं सगळे मला बाई म्हणतात, शाळेतली बाई म्हणून.

"बाई, बालवाडी देवळापाशी होणार म्हणं. खरं हाय का?"

"ठरायचंय अजून. पण मुलं इकडंच जास्त आहेत ना."

"कोण म्हणतं?"

"यादीत आहे. मीच केली. तुमच्या घरी तीनदा येऊन गेले, कुलूप होतं."

"कुलूप आसंलच की. मी शेळ्या घेऊन डोंगराला गेलते. तुमी दुपारच्याला आल्यावर मी कशी घावंन? दिवस मावळायला यायचं व्हतं."

तिनं मग खरी गोष्ट सांगितली. तिची नात दोन वर्षांची. आई-बापाबरोबर नेलेली. तिकडे उसाच्या फडात आई-बाप मोळ्या बांधतात, आणि पोर राहते कोपीपाशी. कोपी म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, ताडपत्रीची झोपडी. समोरून दिवसभर उसाच्या गाड्या जातात. पोर चालायला लागल्यापासून आई तिच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक कोपीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, बांधते.

"शेरडावानी," म्हातारी म्हणाली. "सून फोनवर रडती. म्हणती, आत्या, फुडल्या सालाला तीन वर्साची हुईल, तवा तुमच्यापाशी ठेवते. पर मी शेरडं राखू का पोरगी? दिवसभर बालवाडीत बसली, खाल्लं-पिल्लं, तर सांजचं मी बघंन. वढ्यापल्याड न्यायाचं म्हणजे हे गुडघे. दगडावरनं एकदा पडले, तेव्हापास्नं भ्या वाटतंय. बालवाडी वस्तीत झाली तर पोरगी ऱ्हाईल. न्हाई तर पुन्ना दोरी."

ती गेल्यावर मी वही उघडली. तिच्या घराचा नंबर, आणि समोर माझ्या सुंदर अक्षरात तीनदा 'बंद'. मुलांचा रकाना कोरा. त्या पोरीला मी पाहिलेलं होतं. श्रावणात ती आईच्या कडेवर आपल्या दारात आली होती आणि मी तिच्या हातावर गूळ ठेवला होता.

मग अंगणवाडीताईकडे गेले. तिच्याकडे लसीकरणाचं रजिस्टर असतं, त्यात गावात जन्मलेलं प्रत्येक मूल असतं. खालच्या वस्तीची पानं तिनं उघडून दाखवली. मुलं वरच्या गल्लीपेक्षा बरीच जास्त होती. बहुतेकांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा.

"अगं, हे तू ग्रामसेवकांना का दाखवलं नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाई, बाई. तुमची यादी आल्यावर माझ्या रजिस्टरला कोण इचारतंय?"

पुण्याची मुलगी तोवर परत गेली होती. त्याच संध्याकाळी तिला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, नियम आमचा होता. आमच्याकडे कुलूप म्हणजे माणूस ऑफिसला गेलेला असतो. तीनदा गेलं की सापडतो."

"इथं तो मेमध्ये सापडतो," मी म्हटलं. "आणि हे तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं."

तिनं माझी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, म्हणून ती मला जास्तच आवडली. खालच्या वस्तीचे आकडे अपुरे आहेत, ते कोणत्याही निर्णयासाठी वापरू नयेत, असं पत्र तिनं दुसऱ्याच दिवशी पंचायतीला पाठवलं. पंचायतीनं ते उघडलं की नाही, मला माहीत नाही.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा तुम्ही कधी पाहिली नाही. शाळेत झेंडा होतो, पोरांना जिलेबी वाटतात, मग मोठी माणसंही हातात जिलेबीची पुडकी घेऊन चावडीसमोर सतरंजीवर बसतात. बायका दारापाशी बसतात, हजेरीच्या वहीत सही करतात आणि चुलीकडे परततात. मीही इतकी वर्षं तेच केलं. वर्गात चाळीस पोरांपुढे बोलणारी मी, ग्रामसभेत एक शब्द बोलले नव्हते. घरातलीच माणसं तिथं बोलतात, मग आपण कशाला, असं वाटायचं. आणि एक गोष्ट त्या दिवशी बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आली. वर्षातल्या मोठ्या सभांपैकी ही एक, आणि हिला निम्मं गाव कधीच नसतं.

ग्रामसेवकांनी ठराव वाचला. मंदिराशेजारची जागा, अनुमोदक अमुक, सूचक अमुक. मी उभी राहिले.

"ती यादी चुकली आहे," मी म्हटलं. "ती धरून जागा ठरवू नका."

पुतण्या हसला. "काकू, यादी तुमचीच हाय न्हवं? तुमीच लिवलंय, बंद म्हणून."

"हो. मीच लिहिलं. चुकीचं लिहिलं."

"उभ्या जन्मात बाईंची चूक निघाली न्हाई," मागून कोणी तरी म्हणालं, "निघाली ती बरी ग्रामसभेत निघाली." लोक हसले. मलाही हसू आलं. मी अंगणवाडीताईला रजिस्टर वाचायला सांगितलं. तिनं खाली मान घालून एकेक नाव वाचलं. नावं संपेनात तसं हसणं थांबलं.

"पर ती माणसं हायत कुठं?" एकानं शेजारच्याला मुद्दाम मोठ्यानं विचारलं. "जी हाजरच न्हाईत, त्यांच्यासाठी इथं बसलेल्यांनी कावून थांबायचं, बे?"

याला उत्तर मी देणार होते, पण दारापाशी काठी वाजली. ती म्हातारी उठून उभी राहात होती.

"आमची माणसं तिकडं ऊस तोडतेत," ती म्हणाली, "म्हणून हितं तुमची जिलेबी गोड हाय. खावा, खावा. पुडकं खाली ठिवू नका, मुंग्या लागतील."

ज्यानं विचारलं होतं त्यानं पुडकं मांडीवरून बाजूला सरकवलं.

ठराव मार्चच्या आत गेला नाही तर मंजुरी लांबेल, कदाचित परतही जाईल, असं ग्रामसेवक म्हणाले. ही भीती खोटी नव्हती. पुतण्या माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "काकू, घरातली गोष्ट घरात बोलायची असती." आणि तेवढ्यात त्याच्या शेजारी बसलेली सरपंच, आपली सून, काही तरी बोलली. कोणाला ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा बोलावं लागलं.

"एक मेला ठेवा म्हणलं."

"काय?" पुतण्यानं विचारलं.

"एक मेच्या सभेला. तवा समदे गावात असतेत. सही माझी लागती न्हवं ठरावावर? मग मी एक मेला करते."

तिनं पेनाला टोपण लावलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ग्रामसेवकांकडे. ग्रामसेवकांनी लिहून टाकलं: विषय तहकूब.

त्यानंतर दोन महिने पुतण्या आपल्या घरी आला नाही. समोर आला तर मान वळवायचा. आपली सून मात्र एकदा ताक घेऊन आली, उभ्या उभ्याच म्हणाली, "ते रागं भरलेत, पर जेवतेत निवांत," आणि गेली. मार्च सरला. मंजुरी परत जाते की काय या धास्तीनं मी रोज ग्रामसेवकांना फोन करायचे. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, गेली तर मीच सांगंन की तुमाला." ती गेली नाही.

एक मेला चावडीपुढे सतरंज्या पुरल्या नाहीत. खालच्या वस्तीतल्या बायका सह्या करून उठल्या नाहीत, बसून राहिल्या. म्हातारीची सून त्यांत होती, मांडीवर पोर. जागा ओढ्यापलीकडची ठरली. पण सगळं छान झालं असं समजू नका. वरच्या गल्लीतली एक आई दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आली. "बाई, आता माझ्या लेकराला वढा वलांडावा लागंल, त्याचं काय?" ओढ्यावर फरशीचा छोटा पूल टाकायचा अर्ज मी लिहून दिला आहे. तो अजून कुठं तरी फिरतो आहे. जूनमध्ये पुण्याची मुलगी पुन्हा आली आणि खालच्या वस्तीत घरोघर, संध्याकाळच्या वेळी फिरली. या खेपेला यादी तिनंच केली. मी फक्त सोबत गेले.

पावसाळ्यात बांधकाम फारसं सरकलं नाही. कधी सिमेंट नव्हतं, कधी गवंडी. दसरा आला तेव्हा चार हात उंच भिंती होत्या आणि मध्ये गवत. टोळी निघायच्या आदल्या दिवशी म्हातारीची सून माझ्याकडे आली. तिनं सरळच विचारलं.

"बाई, खरं सांगा. हुईल का ती खोली? तुमी हो म्हणा, मी पोरगी ठेवते. न्हाई म्हणा, नेते."

मी हो म्हणू शकले नाही. नाही म्हणायची हिंमत नव्हती. तिला बसवलं आणि दोन दारं सोडून सरपंचाकडे गेले. आपली सून भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "खोली न्हाई, पर गोठे रिकामे हुतेत की उद्या. बैल तर कारखान्यावर चाललेत." मी इतकी वर्षं या गावात राहते, मला हे सुचलं नव्हतं. म्हातारीचाच गोठा होता, तिच्या घराला लागून, पत्र्याचा आणि कोरडा. अंगणवाडीताईला विचारलं, ती म्हणाली, व्हरांड्यापेक्षा बरा. वरच्या गल्लीतल्या मुलांसाठी व्हरांडा तसाच ठेवायचा, तिची मदतनीस तिकडे बसेल. यासाठी कसली सभा झाली नाही. चुलीपुढे ठरलं. पुतण्यानं ऐकलं आणि न सांगताच पलीकडे जाऊन गोठ्याचा तुटका पत्रा ठोकून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल ट्रकमध्ये चढले. त्यांच्या मागून म्हातारीच्या सुनेनं गोठा झाडला, गव्हाणी पोत्यांनी झाकल्या, आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत असतानाच शेणामातीनं जमीन सारवून घेतली. हात धुवायलाही थांबली नाही. पोर म्हातारीजवळ शेळीच्या कानाशी खेळत होती, तिला काही कळलं नाही. आई तिच्याजवळ गेली नाही. लांबूनच वळली आणि ट्रकवर चढली.

आता बैल परत यायच्या आत भिंतींवर स्लॅब पडायला हवा. सरपंच रोज सकाळी ओढा ओलांडून गवंड्यापुढे जाऊन उभी राहते. बोलते तीच. नवरा सिमेंटच्या मागे धावतो.

काल मी गोठ्यात गेले होते. दुपारची खिचडी झाली होती. ताईचा फोन वाजला, रोज याच वेळी वाजतो. फडातून त्या पोरीच्या आईचा. ताईनं फोन पोरीच्या कानाला लावला.

"काय खाल्लं गं?"

"खिचली," पोर म्हणाली, आणि फोन ताईच्या मांडीवर टाकून दुसऱ्या पोरांत पळाली.

ताई फोन बंद करायला गेली, तर आतून आवाज आला, "ताई, ऱ्हाऊ द्या तसाच. जरा वेळ ऱ्हाऊ द्या." ताईनं फोन गव्हाणीच्या कडेवर ठेवला. पोरं ओरडत होती, कोणी तरी वाटी आपटत होतं. पलीकडून काही बोलणं नव्हतं, फक्त वारा लागल्यासारखा आवाज. मग मुकादमाची हाक ऐकू आली आणि फोन बंद झाला.